‘प्रकटीकरणा’तील चित्रांची भाषा

१८४४ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेच्या ईशान्य भागातील काही शेतकऱ्यांनी शेतातले तयार पीक काढलेच नाही. बटाटे जमिनीतच राहिले. कारण २२ ऑक्टोबर रोजी जगाचा अंत होणार आणि येशू ख्रिस्त मेघांवरून परत येणार, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. मग पीक काढावयाचे ते कोणासाठी? ज्याच्या गणितावरून हे सारे घडले तो विल्यम मिलर स्वतः शेतकरीच होता. सरळ, प्रामाणिक माणूस. बायबलातील दानीएलाच्या ग्रंथात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजावयास सुरुवात केली आणि १८४३ च्या सुमारास काळ भरतो असे उत्तर काढले. पुढे अनुयायांनी नेमकी तारीख ठरवली. मिलरनेही ती अखेरीस मान्य केली. बावीस तारीख उजाडली, मावळली, आणि तेवीस तारखेला सूर्य रोजच्यासारखा उगवला. अमेरिकेच्या धर्मेतिहासात त्या दिवसाला ‘महानिराशा’ असे नाव पडले आहे.

श्रोतेहो, या लोकांना हसणे सोपे आहे. पण ते अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. चित्रांच्या भाषेत लिहिलेले पुस्तक त्यांनी पंचांगासारखे वाचले, एवढेच. ज्या पुस्तकांवरून अशा तारखा पुनःपुन्हा काढल्या गेल्या त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे नव्या कराराचे शेवटचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’. सात डोक्यांचे श्वापद, तांबडा अजगर, चार घोडेस्वार, सहाशे सहासष्ट हा आकडा, हे सारे त्यातले. ही चित्रे कोणी, कोठे आणि कोणासाठी काढली, एवढेच आज पाहावयाचे आहे. तेवढे पाहिले म्हणजे पुष्कळसे गूढ आपोआप उकलते.

आधी नावाकडे पाहू. मूळ ग्रीक शब्द ‘अपोकॅलिप्सिस’. त्याचा अर्थ प्रलय नव्हे, सर्वनाशही नव्हे. झाकलेल्या वस्तूवरचा पडदा दूर करणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी भाषांतरकारांनी ‘प्रकटीकरण’ हा शब्द योजला तो अगदी नेमका आहे. पडद्याआड काय आहे ते दाखवावयाचे, असा लेखकाचा हेतू.

हा लेखक आपले नाव योहान असे सांगतो. तो येशूचा शिष्य योहान होय, अशी जुनी समजूत आहे. पण या पुस्तकाची ग्रीक भाषा योहानाच्या शुभवर्तमानाच्या भाषेहून फारच वेगळी आहे, हे अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस नावाच्या बिशपने तिसऱ्या शतकातच दाखवून दिले होते. ते असो. देवाच्या वचनापायी आपण पात्म नावाच्या बेटावर आहो असे तो लिहितो, म्हणजे बहुधा हद्दपार होता. पात्म हे एजियन समुद्रातले लहानसे बेट, क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस किलोमीटर. तेथून त्याने समोरच्या किनाऱ्याच्या मुलखातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, सात गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्र धाडले. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही ती सात गावे. होय, हे पुस्तक मुळात एक पत्र आहे. आणि ते एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हते बरं का! वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक, असा उल्लेख आरंभीच आहे. त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी. मंडळी एखाद्याच्या घरी जमत, एकजण वाची आणि बाकीचे कान देऊन ऐकत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभे राहावे अशीच सारी रचना आहे.

ती माणसे काय ऐकत होती हे कळावयास त्यांच्या गावात शिरले पाहिजे. लावदिकीयाचेच उदाहरण घेऊ. त्या मंडळीला पत्रात फटकारले आहे की, तुम्ही ऊनही नाही आणि गारही नाही, कोमट आहा. आणि वर आपण धनवान आहो, आपणांस कशाची गरज नाही असे म्हणता. आता पाहा. लावदिकीयाजवळच हिरापलीस येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथल्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या पायऱ्या पाहावयास आजही लोक जातात. लावदिकीयाला मात्र पाणी दुरून दगडी नळांतून येई. त्या नळांत चुन्याचे थर साचलेले अजून दिसतात. शिवाय इ. स. ६० मध्ये भूकंपाने हे शहर पडले, तेव्हा त्यांनी रोमच्या मदतीशिवाय स्वतःच्या पैशाने ते उभारले, असे टॅसिटस हा रोमन इतिहासकार नोंदवून ठेवतो. म्हणजे धनाचा ताठा आणि बेचव पाणी, दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीच्या. आपल्याला गूढ वाटते ते त्यांना आपल्या वेशीतले बोलणे वाटले असेल.

आता काळ. दुसऱ्या शतकातील आयरिनियस हा लेखक सांगतो की, हे दर्शन डोमिशियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरीस घडले. म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास. बहुतेक विद्वान हेच धरतात. काहीजण ते सुमारे पंचवीस वर्षे मागे नेतात. त्या वेळी त्या मुलखात ख्रिस्ती लोकांची सरसकट कत्तल चालू होती असे पूर्वी समजत. तसा पुरावा मात्र नाही. साऱ्या पुस्तकात त्या सात गावांतल्या एकाच हुतात्म्याचे नाव येते, पर्गमचा अंतिपा. संकट होते ते निराळ्या प्रकारचे, आणि मला विचाराल तर अधिक अवघड. या शहरांत बादशहाची देव म्हणून पूजा होत असे. पर्गमला ऑगस्टस आणि रोमा देवी यांचे देऊळ इ. स. पूर्व २९ मध्येच बांधण्याचे ठरले होते. इफिसला डोमिशियनच्या घराण्याचे नवे देऊळ उभे राहिले. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पंचायतींच्या जेवणावळी देवाला नैवेद्य दाखवूनच होत. त्यात बसला नाही तर माणसाचा धंदा बसतो. चिमूटभर धूप टाकला तर काय बिघडले, असे शेजारीपाजारी म्हणणार. पुढे इ. स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा सुभेदार बादशहा ट्रेजनला कळवतो की, ख्रिस्ती असल्याचा संशय आला तर बादशहाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करावयास लावून मी पारख करतो. श्वापदाची खूण अंगावर असल्याशिवाय कोणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असे जे या पुस्तकात म्हटले आहे, ते या बाजारपेठेत ऐकून पाहावे.

अशा वेळी उघड बोलण्याऐवजी चित्रांत बोलण्याची रीत यहुदी लोकांत जुनी होती. सीरियाचा राजा चौथा अँटायोकस याने इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, त्या छळाच्या दिवसांत दानीएलाच्या ग्रंथाने आजचे रूप घेतले. समुद्रातून चार श्वापदे वर येतात असे दर्शन त्यात आहे. सिंहासारखे, अस्वलासारखे, चार डोक्यांच्या चित्त्यासारखे, आणि चौथे लोखंडी दातांचे व दहा शिंगांचे. ही एकापाठोपाठ आलेली चार साम्राज्ये. योहानाने काय केले? त्या चारी श्वापदांचे एकच श्वापद केले. अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, शिंगे दहा. डोकी सात, दानीएलाच्या चारही श्वापदांच्या डोक्यांची बेरीज करा, सातच येते. जुन्या जुलमी राजवटी एकात गोळा झाल्या म्हणजे जे होते ते रोम, असा त्याचा अर्थ. ज्यांना दानीएल तोंडपाठ होता त्यांना फोड करून सांगावे लागले नसेल. आपल्याकडे नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा ऐकणारा औषध शोधावयास धावत नाही. तो विंचू कामक्रोधाचा हे त्याला ठाऊक असते. तसेच हे.

पण सगळी चित्रे जुन्या ग्रंथांतून आलेली नाहीत. काही तर रोमच्या नाण्यांवरून उचललेली दिसतात, आणि हा भाग मला सर्वांत गमतीचा वाटतो. इ. स. ७१ मध्ये व्हेस्पेशियन बादशहाने एक नाणे पाडले. त्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर ऐटीत टेकून बसली आहे, पायाशी टायबर नदी. प्रकटीकरणाच्या सतराव्या अध्यायात एक स्त्री सात डोक्यांच्या श्वापदावर बसलेली आहे, आणि ती सात डोकी म्हणजे सात डोंगर असे लेखकच फोडून सांगतो. फक्त येथे ती देवी नाही. जांभळी-किरमिजी वस्त्रे ल्यालेली, रक्ताने धुंद झालेली वारांगना आहे. तिचे नाव बाबेल. बाबेलने इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर जाळले होते, रोमने इ. स. ७० मध्ये जाळले; म्हणून रोमला बाबेल म्हणावयाचे. दुसरे नाणे डोमिशियनचे. त्याचा लहान मुलगा वारला, तेव्हा त्याला देव ठरवून सुमारे ८२-८३ साली जे नाणे काढले, त्यावर ते बाळ पृथ्वीच्या गोलावर बसले आहे आणि भोवती सात तारे आहेत. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्ताच्या उजव्या हातात सात तारे आहेत. योहानाने ते नाणे हातात घेतले होते की नव्हते, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण सत्तेने आपली जी चित्रे बाजारात खेळती ठेवली होती, त्यांना हे उलट उत्तर आहे, हे उघड आहे.

आता तो प्रसिद्ध आकडा, ६६६. हिब्रू आणि ग्रीक भाषांत अंकांसाठी वेगळी चिन्हे वापरीत नसत. अक्षरांनाच किमती असत. त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज करता येई. आपल्याकडे जुन्या लेखांत शक सांगताना चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन असे शब्द योजीत, त्याची येथे आठवण होईल. पोंपेई शहराच्या भिंतीवर कोणा प्रेमिकाने आपल्या प्रेयसीचे नाव न लिहिता तिचा आकडा ५४५ आहे एवढेच लिहून ठेवले आहे! सुएटोनियस सांगतो की, नीरो बादशहाच्या नावाची ग्रीक बेरीज आणि ‘स्वतःच्या आईला मारले’ या शब्दांची बेरीज सारखीच येते, असे रोममधल्या लोकांनी टवाळीने लिहून ठेवले होते. आता ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा. न ५०, र २००, व ६, न ५०. पुढे क १००, स ६०, र २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत मात्र ६६६ च्या जागी ६१६ आहे. नावाचे लॅटिन रूप ‘नेरो’ धरले तर शेवटचा न गळतो, पन्नास कमी होतात आणि ६१६ उरतात! शिक्षकमित्रांनी हे फळ्यावर करून दाखवावे.

पण नीरो तर ६८ सालीच आत्महत्या करून मेला होता. मग त्याचा आकडा कशाला? कारण तो मेलेलाच नाही, पूर्वेकडून पार्थियन लोकांची फौज घेऊन परत येणार, अशी वदंता होती. नीरो म्हणवणारे तोतयेही उठले होते. आपल्याला पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. श्वापदाच्या एका डोक्याला प्राणघातक जखम झाली होती आणि ती बरी झाली, असे योहान लिहितो. ६४ सालच्या आगीनंतर रोममधल्या ख्रिस्ती लोकांना ज्याने जिवंत जाळले, तो नीरो पुढच्या बादशहांच्या रूपाने जिवंतच आहे, असे त्याला म्हणावयाचे आहे.

चार घोडेस्वारांपैकी पहिला पांढऱ्या घोड्यावरचा धनुर्धर. रोमला ज्यांची धास्ती होती त्या घोडेस्वार धनुर्धाऱ्यांचे, म्हणजे पार्थियनांचे, हे चित्र. इ. स. पूर्व ५३ मध्ये त्यांनी क्रॅससच्या सैन्याची धूळधाण केली होती. दुसरा लढाईचा, चौथा मृत्यूचा. पण शेतकरी बांधवांनी तिसऱ्याकडे नीट पाहावे. काळा घोडा, आणि स्वाराच्या हातात तागडी. भाव पुकारला जातो. एका दिनारास एक माप गहू, एका दिनारास तीन मापे जव. तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लावू नको. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि ते माप म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. म्हणजे दिवसभर राबून एकट्याचे पोट भरेल. बायकामुलांना गहू नाही, जव घ्या. हा भाव नेहमीच्या आठ ते सोळा पट होता असा अभ्यासकांचा हिशेब आहे. आणि तेल-द्राक्षारस? ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे बड्या जमीनदारांचे, त्यांत नफा अधिक. धान्याची जमीन मळ्यांखाली जाऊ लागली, तेव्हा इ. स. ९२ च्या सुमारास खुद्द डोमिशियनने प्रांतांतील निम्मे द्राक्षमळे तोडावेत असा हुकूम काढला. पण ओरड झाल्यावर तो अमलात आणला नाही. जगाच्या अंताचे म्हणून जे चित्र आपण भीतीने पाहतो, त्यात तागडी, मजुरी आणि धान्याचा भाव आहे.

आकड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सात म्हणजे पूर्णता, बारा म्हणजे इस्राएलाची कुळे. बारा गुणिले बारा गुणिले हजार म्हणून एक लक्ष चव्वेचाळीस हजार. साडेतीन वर्षे हे साताचे अर्धे, म्हणजे छळाचा अपुरा, सरणारा काळ. हजार वर्षांचे राज्य अक्षरशः मोजावयाचे नाही, असे संत ऑगस्टिनने पाचव्या शतकातच बजावले होते. तरी लोक मोजत राहिले. शिवाय प्रत्येक पिढीने श्वापदाच्या अंगावर आपल्या शत्रूचे कपडे चढवले. १५२२ साली छापलेल्या ल्यूथरच्या जर्मन नव्या करारात बाबेलच्या स्त्रीच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट काढलेला होता.

पण मिलरच्या लोकांचे पीक गेले, एवढ्यावरच निभावले. जर्मनीतील म्युन्स्टरचे तसे नव्हते. १५३४ साली पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्या एका पंथाने ते शहर ताब्यात घेतले आणि हेच नवे यरुशलेम असे जाहीर केले. यान मॅथिस या त्यांच्या पुढाऱ्याने ईस्टरला जगाचा न्याय होणार असे सांगितले, आणि त्या दिवशी मूठभर सोबती घेऊन तो वेढा घालणाऱ्या बिशपच्या फौजेवर चालून गेला. जागीच मारला गेला. मग लायडेनचा यान, धंद्याने शिंपी, राजा झाला. त्याने अनेक बायका केल्या, विरोधकांना देहदंड दिले. लोक उपासमारीने मेले. जून १५३५ मध्ये शहर पडले, आणि जिंकणाऱ्यांनी जो सूड घेतला तो याहून कमी भयंकर नव्हता. तीन पुढाऱ्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे तेथील संत लॅम्बर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत.

म्युन्स्टरच्या लोकांनी पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे चित्र मात्र पाहिलेच नाही, असे मला वाटते. पाचव्या अध्यायात योहानाला सांगण्यात येते की, यहूदाच्या वंशाचा सिंह विजयी झाला आहे. तो सिंह पाहावयास वळतो, तो समोर उभा असतो वधलेला कोकरा. पुढे साऱ्या पुस्तकभर जिंकणारा तोच. अखेरच्या लढाईत येणाऱ्या स्वाराची तलवार हातात नसून तोंडातून निघते, म्हणजे ती शब्दाची. रोमशी शस्त्राने लढा, असे ख्रिस्ती लोकांना या पुस्तकात एकदाही सांगितलेले नाही. रोमच्या पापात भागीदार होऊ नका, तिच्यातून बाहेर निघा, असे सांगितले आहे.

रोमला जाणाऱ्या वस्तूंची यादीच अठराव्या अध्यायात आहे, आणि तेथे आपल्या भूमीचा संबंध येतो. बाबेल जळते तेव्हा व्यापारी दूर उभे राहून रडतात, कारण आता त्यांचा माल घेणारे कोणी नाही. सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, तेल, गहू, गुरे, मेंढरे. यांतला काही माल आपल्या किनाऱ्यावरून जाई. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात भडोच, सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. पैठणहून आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचला येई, आणि तेथून हस्तिदंत, रेशमी व सुती कापड जहाजांवर चढे, असे त्यात लिहिले आहे. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, ती याच व्यापाराची साक्ष.

यादी सोन्यापासून सुरू होते आणि उतरत उतरत घोडे, रथ यांवर येते. त्यानंतर शेवटची वस्तू. ग्रीक बाजारात गुलामांना ‘शरीरे’ म्हणत. वहीत तसेच लिहीत, इतकी शरीरे, इतका भाव. योहान बाजाराचा तो शब्द तसाच घेतो आणि लगेच पुढे आपल्या पदरचे जोडतो, की ही माणसे होत, यांना जीव आहे. ज्या सात गावांना हे पत्र गेले त्यांपैकी थुवतीरा येथे गुलामांच्या बाजारातील व्यापाऱ्यांनी कोरवलेला एक शिलालेख सापडला आहे. त्या गावच्या मंडळीत पत्राचा हा भाग वाचला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांत विकत घेतलेली माणसे बसलेली असणार. कदाचित त्यांचे मालकही.